बांधावरचा खलनायक

जुनी पुस्तकं आणि हाताने रंगवलेली सिनेमाची पोस्टरं जमवायचं माझं वेड तुम्हाला ठाऊकच आहे. गोंदियाच्या माझ्या रद्दीवाल्याने एकदा सांगितलं, देवरीकडे एका बाईंकडे बंद पडलेल्या टॉकीजचं मूळ कापडी बॅनर आहे. लगेच बस पकडली. पाहतो तर बॅनर मधोमध फाडलेलं! हिरो घरात घडी घालून ठेवलेला, आणि खलनायक लाल डोळे वटारून धानाच्या बांधावर बांबूला ताणलेला.

म्हटलं, "बाई, दोन्ही तुकडे द्या. बदल्यात नवी ताडपत्री देतो."

"हिरो घेऊन जा जी. विलन नाही भेटत."

"काऊन?"

"मांगच्या साली हिरोच लावला होता. डुकरं त्याच्या पायापाशी आरामात धान खाऊन राहिले होते."