पाटोळे मास्तरांची टर्की

मंडळी, मला एक सांगा — माणूस लाज कुणाची जास्त धरतो? आपल्या पापाची, की आपल्या माणसांची? घाई करू नका. देवळात बसल्यावर सगळेच पापाची म्हणतात! आधी ऐका.

एका गावात शमुवेल पाटोळे नावाचे हेडमास्तर होते. इस्त्रीचा सदरा, मोजकं बोलणं, देवळात पहिला बाक. त्यांच्या घरात वडिलांपासूनची एक रीत — नाताळला टर्की शिजायची, आणि ती एकच. सगळ्यांनी एकाच पक्ष्यातलं खायचं. कमी पडलं म्हणून दुसरा कापायचा नाही, उद्याला उरवायचं नाही. म्हणून पक्षी घ्यायचा तो जेवणारी माणसं धरून, बेताचा. काय म्हणता मावशी? टर्की म्हणजे काय? अहो, कोंबडीची श्रीमंत नणंद समजा!

त्या वर्षी मास्तरांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. पुण्याचे व्याही नाताळला पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. आणि मास्तरांच्या मनात एकच गोष्ट खुपत होती — थोरली बहीण, सगुणाआक्का.

आई गेल्यावर ह्या आक्कानंच त्यांना वाढवलं. विधवा बाई, गावातच एकटी राहायची, कांद्याच्या रानात खुरपायला जायची. हसायची एवढी मोठ्यानं, की रस्त्यावरचा माणूस थांबायचा. जेवताना बोटं चाटायची. आणि नाताळच्या जेवणाआधी प्रार्थना दरवर्षी आक्काच करायची — ती पण एवढी लांब, की रस्सा निवायचा! पुण्याच्या लोकांपुढं हे सगळं? मास्तरांनी ठरवलं, यंदा आक्का नको. आता पुरुष मंडळी म्हणतील, बायकोनं कान भरले असणार. नाही हो. बायको म्हणत होती, आक्कांना बोलवा.

बाजाराच्या दिवशी मास्तर कोंबड्या-टर्क्या विकणाऱ्या लतीफभाईंकडं गेले. लतीफभाईंनी डालग्याखालच्या टर्क्या एकेक काढून दाखवल्या.

"मास्तर, माणसं किती?"

"घरचे तिघं, पाहुणे चौघं."

"मग ही मधली घ्या. थोरली जास्त होईल."

तेवढ्यात मागून आवाज आला, "शमू, मला कुठं टाकलंस रे? मला धरून सांग त्यांना."

आक्का! हातात मिरच्यांची पिशवी, तोंडभर हसू. पुढं झाली, मधल्या टर्कीचा ऊर चाचपला आणि म्हणाली, "लतीफभाई, हिची नुसती पिसंच आहेत. ती थोरली द्या. आमचे व्याही यायचेत."

मंडळी, 'आमचे' म्हणाली ती.

मास्तरांनी काय करायचं होतं? नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण ते खाली बघत पुटपुटले, "नको लतीफभाई. मधलीच पुरे."

आक्का त्याच घरात वाढलेली. मधली पुरे म्हणजे काय, ते तिला समजावायला कुणी नको होतं. तिचं हसू गेलं. लतीफभाई दोघांच्या तोंडाकडं बघायला लागले. आणि मग तीच बोलली — भावाची अब्रू झाकायला. "अगं बाई, विसरलेच की मी. मला यंदा दुसरीकडं बोलावलंय. मधलीच द्या." टर्कीचे पाय तिनंच सुतळीनं बांधले आणि पक्षी भावाच्या हातात दिला. "सांभाळून ने," म्हणाली.

कुठं बोलावलं होतं तिला? कुठंच नाही!

पेटीवाले, जरा थांबा. सूर नको आत्ता.

नाताळचा दिवस. पाहुणे ताटांभोवती उभे राहिले, मधोमध टर्की. मास्तरांनी डोळे मिटले, "हे आमच्या स्वर्गातल्या बापा" म्हणाले — आणि पुढचा शब्द निघेना. 'आमच्या' म्हणताना आमच्यात कोण, हाच प्रश्न पडला. ताटं तशीच सोडून ते आक्काच्या घराकडं निघाले.

आक्का नवं लुगडं नेसून चुलीपाशी भाकरी-चटणी खात होती. भावाला बघून ती गडबडीनं उठली. "काय रे? कमी पडलं का? थांब, भाकऱ्या आहेत माझ्याकडं, घेऊन जा."

मास्तर उंबऱ्यातच बसले. "आक्का, मला तुझी लाज वाटली."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "ठाऊक आहे मला. बाजारातच कळलं."

"चल ना घरी."

"नाही रे. राग नाही माझा. पण आज माझे पाय उचलायचे नाहीत."

तुम्हाला वाटलं असेल, ती जाईल, सगळे हसतील, गोष्ट गोड होईल. नाही गेली ती! मास्तर एकटेच परतले आणि व्याह्यांपुढं मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. ती टर्की त्या दिवशी कुणाच्याच घशाखाली धड उतरली नाही.

काय हो, गप्प झालात? मास्तरांना नावं ठेवायची आहेत ना? ठेवा. पण आधी मागं वळून बघा. तिथं दाराशी, चपलांच्या शेजारी काही माणसं बसली आहेत. इथं पुढं सतरंजी रिकामी आहे, तरी ती तिथं बसली आहेत. त्यांत तुमच्यातल्याच कुणाची चुलती आहे, कुणाचा थोरला भाऊ आहे. मघाशी त्यांच्याजवळून कोण कोण मान वळवून पुढं आलं, ते मी इथून पाहिलंय. नावं घेत नाही. भजनही सुरू करत नाही. उठा, त्यांच्याजवळ जा, आणि ती पुढं येतात का विचारा. नाही आली, तर तिथंच त्यांच्याशेजारी बसा. मी थांबलोय.