शोरूमच्या मशीनमध्ये टाकलेल्या चादरींबाबत

जबाब देणार : सुट्टेबाई (डेपोत सगळे याच नावाने ओळखतात), वय ५१ वर्षे, धंदा बस कंडक्टर, राहणार डेपोमागची इमारत, दुसरा मजला.

समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर नवरा आणि सासूबाई यांच्यासह राहते. सासूबाई मांडीचे हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहेत. त्यांच्या चादरी मी हाताने धुते, ते त्यांना पलंगावरून दिसते. माझे धुणे वाढू नये म्हणून त्यांनी पाणी पिणेच सोडले. डॉक्टर म्हणाले, असेच चालले तर त्यांना दवाखान्यात हलवावे लागेल, आणि या वयात परत घरी येतील याचा भरवसा नाही. म्हणून आम्ही कपडे धुण्याचे मशीन घेतले. हौस म्हणून नाही.

खोक्यावर छापले होते की कंपनीचा माणूस आल्याशिवाय उघडू नये. आम्ही उघडले नाही. तोवर खोके दारात आणि आम्ही अंग चोरून आत-बाहेर. मग तो माणूस उगवला. बूट घालूनच आत आला. त्याने स्वतः खोके फोडले, नळ जोडला, चादरी टाकायला सांगितल्या आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबले. पाणी भरले. पुढे ढिम्म. पाणी बाहेर जाईना, दार उघडेना. "पंप गेलाय," तो म्हणाला. मी म्हटले, मग बदलून द्या. तर म्हणे, "ताई, आता बदलून नाही मिळत. एकदा चालवलं की मशीन वापरलेलं धरतात. पार्ट आला की रिपेअर होईल." मी विचारले, चालवले कोणी? "मीच. पण तुमच्या घरात ना!" असल्या अकलेला काय म्हणतात ते ठाण्यात लिहिता येणार नाही, म्हणून सोडते. त्याने खालून नळी सोडून सगळे पाणी आमच्या फरशीवर काढले, ओल्या चादरी माझ्या हातात दिल्या आणि गेला. पार्ट अजून आलेला नाही.

आज सकाळी ड्युटीवर न जाता मी मळलेल्या चादरींचे गाठोडे घेऊन शोरूममध्ये गेले. मॅनेजर टाय लावून गार हवेत बसला होता. "मॅडम, पॉलिसी आहे. मॅडम, आमच्या हातात नाही. मॅडम, कंपनीशी बोला." बसमध्ये फुकट्या प्रवासी सापडला की अगदी याच आवाजात बोलतो. मी सांगितले, पहिल्याच दिवशी बंद पडलेली वस्तू बदलून द्या नाहीतर पैसे परत करा, हा ग्राहकाचा हक्क आहे, उपकार नव्हे. तो हसला. म्हणाला, "मॅडम, हे टीव्हीवर बोलायला ठीक आहे."

तेव्हा मी समोर मांडलेल्या, आमच्यासारख्याच मशीनचे दार उघडून चादरी आत टाकल्या. वास येत होता, हे खरे आहे. बाकीची गिऱ्हाइके नाकाला रुमाल लावून बाजूला झाली. मॅनेजर किंचाळला, "अहो, ते नुसतं दाखवायला आहे! त्याला पाणी नाही!" मी म्हटले, "आमच्याला पाणी आहे, पण ते बाहेर जात नाही. तुमचं-आमचं मिळून एक धड मशीन होतंय बघा." त्यावर त्याने पोलिसांना फोन लावला. मी काही फोडले नाही, कोणाला शिवी दिली नाही. द्यायची राहून गेली.

हवालदारसाहेब म्हणाले, हे ग्राहक मंचाचे काम आहे. तिथे मी जाणारच आहे. पण या महाशयांनी चादरींची तक्रार इथे केली, तर माझीही बाजू इथेच लिहून घ्या.

मघाशी बाकावर रुमाल अंथरून बसलेला मॅनेजर मला हळूच म्हणाला, तक्रार मागे घेतो, आजच नवीन मशीन पाठवतो. फक्त एवढे लिहून द्या की मशीन चांगले होते, तुम्हाला चालवता आले नाही, आणि कंपनी सद्भावनेने बदलून देत आहे. मी म्हटले, तुमची सद्भावना त्याच चादरीत गुंडाळून घरी न्या. मी तसे लिहून दिलेले नाही आणि देणार नाही.

इतक्यात नवऱ्याचा फोन आला. शेजारणीने सासूबाईंना सांगितले होते की तुमच्या चादरींपायी सुनेला पोलिसांनी नेले. तेव्हापासून त्यांनी तोंड घट्ट मिटले होते, चमच्याने पाणी दिले तरी थुंकत होत्या. मला रडू आले, पण त्या टायवाल्यासमोर मी रडले नाही. मी फोन त्यांच्या कानाला लावायला सांगितला आणि म्हटले, "आई, मशीन सुरू झालं. मस्त फिरतंय. आता पोटभर पाणी प्या बरं." त्या म्हणाल्या, "खरंच गं?" मी हो म्हटले. पेलाभर प्यायल्या, असे नवऱ्याने सांगितले.

वरील जबाब मला वाचून दाखवला. त्यात सासूबाईंशी बोलले तेवढे खोटे आहे. बाकी शब्द न् शब्द मी सांगितल्याप्रमाणे असून खरा आहे. सही कुठे करायची ते लवकर दाखवा. घरी आता चादर भिजली असेल, आणि ती मला त्यांना दिसणार नाही अशी शेजारणीच्या मोरीत धुवायची आहे.