तळमजला

(दुपारचा एक. स्वयंपाकघर. कपाटात मोबाईल वाजतोय.)

लेक : बाबांचा मोबाईल अजून चालू आहे? तीन महिने झाले, आई. थांब, बंद करते.

आई : हात लावू नकोस! वाजू दे. थांबतो आपोआप.

लेक : भर दुपारी कसला गजर?

आई : रोज एकला असतो. मीच चार्ज करून ठेवते. बघ, थांबला. तू सांग, काल फोनवर का रडत होतीस?

लेक : रडत नव्हते.

आई : बरं, नव्हतीस.

लेक : माझा तो ऑनलाइन ग्रुप आहे ना...

आई : कशालाच अर्थ नाही म्हणणाऱ्यांचा.

लेक : तुला कसं माहीत?

आई : आहे माहीत. पुढे बोल.

लेक : धाकटा भाऊ गेल्यावर मी तो सुरू केला. आता अकराशे माणसं आहेत. नियम एकच, कुणी कुणाचं सांत्वन करायचं नाही. 'होईल सगळं ठीक' लिहिलं की बाहेर. तिथे एक होता, 'तळमजला' नावाने. वाद नाही, चर्चा नाही. रोज दुपारी एवढंच लिहायचा, 'जेवलात का सगळे?' दोनदा समज दिली. मग साडेतीन महिन्यांपूर्वी काढून टाकलं.

आई : हं.

लेक : तेव्हापासून जो तो विचारतोय, तळमजला कुठे गेला? एक मुलगी म्हणाली, तो विचारायचा म्हणून मी दोन घास खायचे. मग काल संध्याकाळी त्याला परत घेतलं. लिहिलं, माझं चुकलं, या. अजून उत्तर नाही.

आई : काल संध्याकाळी कपाटात टिंग वाजलं. मला वाटलं, जाहिरात असेल.

लेक : ...काय?

आई : अगं, तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दुसरं कुठलं नाव सुचणार त्यांना?

लेक : नाही. बाबांना टाइपसुद्धा करता यायचं नाही.

आई : एका बोटाने यायचं. तू घर सोडलंस, फोन उचलेनास. मग शिकले.

लेक : का उचलू? धाकट्याला अजून बाहेर नेलंही नव्हतं, आणि हे चारचौघांत म्हणाले, 'यातही काही चांगलंच असेल.'

आई : म्हणाले. मग जन्मभर जीभ चावत बसले. तुझा नियम वाचून म्हणाले, हा पोरीने माझ्यासाठीच केलाय.

लेक : कळत होतं, तर कशाला लिहायचे?

आई : अर्थबिर्थ काय ते त्यांना कळत नव्हतं. तुला एकटीला विचारायची सोय नव्हती, म्हणून अकराशे जणांना विचारायचे.

लेक : आणि मी काढलं तेव्हा?

आई : हसले. म्हणाले, मालकीणबाई कडक आहेत, बापावर गेल्यात. पुढे अकरा दिवस होते ते. एकला गजर झाला की मोबाईल घेऊन बसायचे. लिहायचे. जायचं नाही. मग पुसून टाकायचे.

लेक : अकरा दिवस. आई, मी मारलं त्यांना.

आई : हृदय बंद पडलं त्यांचं.

लेक : सांत्वन नको करूस.

आई : करत नाहीये. डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय ते सांगतेय. तुझा राग मलाही आहे. त्या अकरा दिवसांचा तर फार आहे.

लेक : तो गजर तरी काढून टाक. कसा ऐकतेस रोज?

आई : पाच मिनिटांनी परत वाजतो. तेव्हा मी 'नाही' म्हणते.

लेक : कुणाला?

आई : रोज जेवून घेते मी आधीच. तरी 'नाही' म्हणते. 'हो' म्हटलं, तर उद्या कशाला विचारतील?

लेक : आई...

आई : बघ, वाजला. आज तू बोल.

लेक : काय बोलू? मी खाऊन आलेय.

आई : असू दे. बोल.

लेक : नाही, बाबा. अजून नाही जेवले.