तपासनीसबाईंची कुरडई

आज पानात कुरडई पाहिली आणि सेलूची आठवण झाली. निजामाच्या अमलात तेथे मी मुलींच्या शाळेत शिकवीत असे. शाळेला सुट्टी शुक्रवारी. म्हणून चीक त्याच दिवशी शिजवता येईल, अशा बेताने मी गहू भिजत घालीत असे.

त्या वर्षी माझी नोकरी कायम करायची की नाही, हे ठरवायला हैदराबादहून तपासनीसबाई शनिवारी यायच्या होत्या. त्या शुक्रवारीच थेट घरी आल्या! मी गच्चीवर, हात चिकाने माखलेले. चीक निवला की सोऱ्यातून उतरत नाही. त्यामुळे उठताही येईना.

"उस्तानीजी, हम भी करके देखें?" म्हणत त्यांनी सोऱ्या घेतला आणि कुरडई घातली.

"मध्येच तुटली. मोडा आणि पुन्हा घाला," मी सवयीने बोलून गेले.

सासूबाई कुजबुजल्या, "अगं, नोकरी घालवायलीस की!"

बाईंनी निमूटपणे दुसरी घातली. "अब पास?"

"काठावर."

शनिवारी सगळे वर्ग तपासून झाल्यावर मी धीर करून विचारले, "बाईसाहेब, माझा निकाल?"

"पास," त्या गंभीरपणे म्हणाल्या. मग हसल्या. "काठावर नहीं."