रेकॉर्डवरचा बिननावाचा गायक

अरे, आमच्या अर्विंग गावातल्या समीरला जुन्या, स्वस्तातल्या रिदम अँड ब्लूज गाण्यांच्या रेकॉर्ड्सचं वेड आहे. त्यांवर गायकाचं नावच छापलेलं नसायचं, ते हा शोधत बसतो. एका आवाजावर तर सहा महिने अडला होता यार! शेवटी आम्ही शेजारच्या वॉल्टरआजोबांकडे गेलो. ते तरुणपणी स्टुडिओत गायचे. त्यांच्याच प्लेअरवर रेकॉर्ड लावली.

"हा तुमचाच आवाज ना?" समीरने विचारलं.

"छे! इतकं बेसूर मी कधीच गायलो नाही."

तेवढ्यात किचनमधून त्यांची बायको ओरडली, "वॉल्टर, पुरे कर आता! वरचा सूर आजही लागत नाहीये तुझा."

समीरने हळूच पेन काढलं.

आजोबा पडलेल्या आवाजात म्हणाले, "लिही माझं नाव. फक्त स्पेलिंग चुकव."