सॅम्पलप्रमाणे हुबेहूब

कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात जेवणाची रांग होती. सुखदाच्या पुढे गुडगावच्या ऑफिसातले दोन मराठी तरुण गप्पांत रंगले होते. रांग सरकली तरी ते हलेनात, म्हणून ती खेकसणारच होती, तेवढ्यात तिच्या कानावर पडलं :

"चीनच्या फॅक्टरीला सॅम्पल म्हणून तू घरचा डबा पाठवलास, विक्रांत?"

"आईचा मेतकुटाचा. असं घट्ट झाकण आता मिळतं कुठे? ऑर्डरमध्ये लिहिलं, सॅम्पलप्रमाणे हुबेहूब."

"मग?"

"हुबेहूबच आले! दहा हजार डबे, पोचासकट. प्रत्येकावर कोरलंय, 'चि. विक्रांतच्या मुंजीनिमित्त, मामाकडून.'"

"मेलास! बॉसने वाचलं?"

"वाचलं ना. म्हणाला, 'ये मामा कौन है?'"

"मग तू?"

"म्हटलं, 'ब्रँड है सर.' खूश झाला. माल गेलासुद्धा मॉलमध्ये."

"सुटलास की यार!"

"कसला सुटतोय! फॅक्टरीने आईचा डबाही त्याच खोक्यांत भरून पाठवला होता."

"बाप रे! काकूंना कळलं?"

"कळलं. सकाळपासून मॉलमध्ये आहे. एकेक डबा उघडून वास घेतेय."

सुखदासमोरची रांग केव्हाच पुढे गेली होती. तीही हलली नाही.