उघडं बोट

औषधाच्या दुकानातल्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे रस्त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्या दोघी उभ्या होत्या. दोघींच्या डोक्याला रुमाल, हातांत कोपरापर्यंत मोजे. धाकटीच्या मोज्यातून मात्र एक बोट बाहेर आलेलं. शिंपीणबाईंनी सवयीनं पिशवीतली सुई चाचपली.

थोरली धाकटीला म्हणाली, “क्रीम चांगलं थापून लाव. नाकाची सालं निघालीत तुझ्या.”

“लावते, ताई.”

“आणि त्या मोज्याला टाका घालायला काय होतं गं? एवढं सगळं झाकायचं आणि ते बोट उन्हात करपवायचं.”

“उसवला नाहीये तो. मीच कापलाय.”

“डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“अंगठी काढून ठेवली, पण तिच्या जागचा गोरा पट्टा काही जाईना. तो दिसला की जो तो विचारतो, नवरा कुठे असतो म्हणून.”

“मग काय सांगतेस?”

“काय सांगणार? हात मागे घेते.”

ताईनं पैसे देऊन क्रीमची ट्यूब घेतली.

“ते बोट एकदा बाकीच्यांइतकं रापू दे, मग शिवीन.”

शिंपीणबाईंनी सुई सोडून पिशवीतला हात बाहेर काढला.

“घे ही ट्यूब. आणि हे बघ, त्या बोटाला लावू नकोस.”